घोट्याच्या वर चार बोटं

बसा. जमलं तर आडव्या व्हा.

दिवाण चालेल, पलंग चालेल, जमिनीवर सतरंजी चालेल. पंखा चालू असला तर असू दे. शेजारच्या घरात कुकर शिट्ट्या देत असेल, त्यालाही देऊ दे.

एक पाय जवळ घ्या. आतल्या बाजूचा घोटा हाताने शोधा. गोल, टणक हाड. कातडीच्या लगेच खाली.

त्या उंचवट्यावर करंगळी टेकवा. आता चारही बोटं एकमेकींना चिकटून, आडवी, पायावर ठेवा. करंगळी खाली, तर्जनी वर.

तर्जनीच्या वरच्या कडेपाशी थांबा.

तिथून किंचित मागे या. नडगीचं हाड जिथे संपतं आणि पोटरीचं मांस सुरू होतं, तिथे एक मऊ जागा लागते. दाबली तर जराशी दुखते.

सापडली?

नसेल सापडली तरी बोट तिथेच कुठेतरी असू द्या. वाकता येत नसेल तर नुसतं मन तिथे न्या.

पुढचा थोडा वेळ आपण इथेच राहणार आहोत.

*

चिनी वैद्यकात या जागेला सान-यिन-ज्याव म्हणतात. प्लीहा, यकृत आणि मूत्रपिंड यांच्या तीन वाटा इथे एकत्र येतात, अशी त्यांची धारणा. अंगातून गरम वाफा येणाऱ्या बाईला सुया लावायच्या म्हटलं, की ही जागा बहुतेक वेळा असतेच.

मोजायला फूटपट्टी लागत नाही. जिचा पाय, तिचीच बोटं. उंच बाईची जागा तिच्या बोटांनी, ठेंगण्या बाईची तिच्या.

गेले काही महिने तुमचं सगळं दुसऱ्यांच्या मापांनी मोजलं गेलं. स्तनातली गाठ किती सेंटिमीटर. पांढऱ्या पेशी किती. वजन किती उतरलं. केमोचा डोस किती मिलिग्रॅम.

हे एक माप तुमच्या हाताचं आहे.

बोटं पायावर राहू द्या. पायाची ऊब बोटांना कळते का, पाहा. की बोटांची ऊब पायाला कळते?

सावकाश पाहा. घाई नाही.

*

श्वास चालू आहे. त्याला काही शिकवू नका.

‘खोल श्वास घ्या’ असं तुम्हाला आतापर्यंत पुष्कळांनी सांगितलं असेल. इथे तो जसा येतो तसा येऊ दे.

नाकपुडीशी येतो तेव्हा जरा गार. जातो तेव्हा जरा कोमट.

गार.

कोमट.

एवढाच फरक. अंग एकदम पेटतं नाहीतर एकदम गारठतं, अशा या दिवसांत हा लहानसा फरक पाहत राहा.

हे करताना प्रसन्न वगैरे वाटलंच पाहिजे असं काही नाही. ‘पॉझिटिव्ह राहा’ म्हणणाऱ्यांनी तुम्हाला दमवलं असेल. मला स्वतःला ते वाक्य आता ऐकवत नाही. चिडलेल्या असाल तर चिडलेल्याच पडून राहा. चिडलेल्या माणसाचाही श्वास गार येतो, कोमट जातो.

गार.

कोमट.

*

आता सुई. सुया लावणाऱ्या मॅडमच्या खोलीत आडव्या आहात असं समजा.

नको वाटलं तर त्यात नवल नाही. दंडात, कोपरात, मनगटावर, तळहाताच्या मागे, मिळेल तिथे तुम्हाला टोचलेलं आहे. ‘शीर सापडत नाहीये’ हे वाक्य तुम्ही किती सिस्टरांकडून ऐकलंय.

ही सुई शीर शोधत नाही.

पाव मिलिमीटर जाडीची, कधी त्याहूनही बारीक. भरीव. रक्त काढायच्या सुईच्या पोकळीत सहज मावेल इतकी. तिच्यातून आत काही जात नाही, बाहेर काही येत नाही.

पाकीट फाडल्याचा आवाज येतो. आत एकदाच वापरायची, निर्जंतुक केलेली सुई. प्लास्टिकची एक बारीक नळी पायावर टेकते. गार लागते. मग वरून बोटाची टिचकी.

टक्.

नळी निघून जाते. सुई उभी राहते.

‘झोंबतंय का?’ मॅडम विचारतात.

लगेच उत्तर देऊ नका. आधी पाहा.

टोचल्याची जाणीव क्षणात विरते. तिच्या खाली दुसरंच काही येतं. जडपणा. आतल्या आत ओढ. कुणाला मुंग्या, कुणाला बारीक ठणका, कुणाला पावलाकडे उतरणारी एक रेघ. चिनी वैद्य हीच जड ओढ शोधत असतात. ती लागली की त्यांचा हात थांबतो.

ती जड जागा केवढी आहे?

तिला कड आहे का?

मधोमध काय आहे?

पाहत राहा. एका जागी असते का, की जरा हलते?

मॅडम आणखी काही सुया लावतात. गुडघ्याखाली. पावलावर, अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या मध्ये. एका मनगटाच्या आतल्या बाजूला. टाळूवर एक. लागल्या की त्यांना सोडून द्या. आपण घोट्यापाशी आहोत.

दिवा मंद होतो. दार लोटल्याचा आवाज. वीस मिनिटं, कधी तीस.

या वेळात तुमच्याकडून कुणाला काही नको आहे.

गॅस बारीक करायला उठता येत नाही. फोन पिशवीत आहे. डबा, मुलाची फी, सासूबाईंचा चष्मा, इन्शुरन्सचे कागद, सगळं दाराच्या पलीकडे. मला वाटतं, या उपचाराचं बरंचसं बळ या उठता न येण्यातच असावं. बाईला सांगून कुणी अर्धा तास झोपवत नाही. सुया लावल्या की झोपवतात.

गार.

कोमट.

पाय.

*

आणि नेमकी तेव्हाच ती येते. वाफ.

येऊ दे.

सुरुवात कुठे होते, पाहा. छातीच्या मधोमध? गळ्याखाली? काही जणींना आधीच कळतं. एक धडधड, एक उगाचची भीती, आणि मग.

वर चढते. मान. कानांच्या पाळ्या. गाल. डोक्याची कातडी. केस नव्याने येत असतील तर त्यांच्या मुळांशी.

एरवी या क्षणी तुम्ही काहीतरी करता. पदराने वारा घेता. गाऊनचं वरचं बटण काढता. हातात आलेल्या रिपोर्टच्या फाइलचाच पंखा करता. चारचौघांत असाल तर हसून ‘काही नाही, उकडतंय’ म्हणता.

आत्ता सुया आहेत. फारच झालं तर मॅडमना हाक मारता येते, त्या बाहेरच आहेत. पण त्याआधी, थोडा वेळ, नुसतं पाहा.

गरम कुठपर्यंत आहे?

पोट तापलंय का? मांड्या? गुडघे?

आणि घोटा?

तिकडे जा. चार बोटं वर. ती जड जागा अजून आहे का? तिथे वाफ पोचलीय की नाही? जे असेल ते असू दे.

वर वाफ. खाली पाय. एकाच अंगात, एकाच वेळी.

ठोके वाढलेत. मोजू नका. ऐका.

*

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा एक लहानसा भाग आहे. अंगाच्या उष्णतेवर त्याची नजर असते. दूध तापत ठेवून गॅसपाशी उभी असलेली बाई डोळ्यांसमोर आणा. साय उचलली जाईपर्यंत ती निवांत असते. इस्ट्रोजेन अचानक कमी झालं की हीच बाई धास्तावते. पातेल्याच्या कडेला पहिला बुडबुडा दिसायचा अवकाश, ती गॅस बंद करते, फुंकर घालते, पातेलं उतरवून गार पाण्यात ठेवते.

दूध उतू जाणार नव्हतंच. अंगही फारसं तापलेलं नसतं. आतलं तापमान वाढलेलं असलं तर तेही जेमतेम. तरी कातडीखालच्या रक्तवाहिन्या उघडतात, रक्त वर धावतं, घाम फुटतो. अंग गार करण्याची सगळी धडपड सुरू होते, आणि तुम्हाला मात्र ती आग वाटते.

डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठात रॉबर्ट फ्रीडमन यांनी हे मोजलं. पाळी गेलेल्या, पण वाफा न येणाऱ्या बायकांच्या अंगात घाम फुटण्याची रेषा आणि कुडकुडण्याची रेषा यांच्या मध्ये सुमारे ०.४ अंश सेल्सियसची मोकळी जागा होती. ज्यांना वाफा येत होत्या, त्यांच्यात ती जवळजवळ उरलीच नव्हती.

०.४ अंश.

एवढ्याशा जागेत माणूस निवांत असतो. ती असताना कुणाला तिचा पत्ता नसतो.

थोडं थांबा इथे.

घाम येतोय. कपाळावर, वरच्या ओठावर, मानेच्या मागे. एकच थेंब निवडा. कानामागचा. तो कुठे जातो, पाहा. मानेवरून घसरतो, थांबतो, पुन्हा घसरतो. उशीच्या अभ्र्यात जिरतो.

आता पाठ ओली आहे आणि पंखा लागतोय. हुडहुडी. हीसुद्धा पाहा. कुठून सुरू होते? खांदे? दंड?

दोन मिनिटं झाली असतील, चार झाली असतील.

वाफ गेली आहे.

घोटा तिथेच आहे. सुई तिथेच आहे.

*

वाफा का येतात, हे ओपीडीत कुणी दोन वाक्यांत सांगितलं असेल, किंवा गर्दीत राहून गेलं असेल. तुमची गाठ इस्ट्रोजेनवर वाढणारी होती. टॅमॉक्सिफेन गाठीच्या पेशींपाशी त्याची वाट अडवतं. लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल ते मुळात तयारच होऊ देत नाहीत. कुणाची पाळी केमोनेच थांबलेली असते. कुणा तिशीतल्या मुलीला बीजकोश शांत ठेवायचं इंजेक्शन असतं. इतर बायकांच्या अंगात जे काही वर्षांत सावकाश होतं, ते तुमच्याकडे काही आठवड्यांत येऊन उभं राहिलं.

बाहेरून इस्ट्रोजेन घ्यावं, तर तो रस्ता तुमच्यासाठी बंद. स्वीडनमधून चालवला जाणारा ‘हॅबिट्स’ हा अभ्यास २००३ साली मध्येच थांबवला गेला. हॉर्मोन घेणाऱ्या बायकांमध्ये कॅन्सर परत येण्याचं प्रमाण जास्त दिसत होतं.

म्हणून दुसऱ्या गोळ्या. किंवा सुया. किंवा पंखा पाचवर.

पुरे एवढं. परत पायाकडे या.

*

इथेच पडल्या पडल्या आणखी काही खोल्यांत डोकावू या. आवाज न करता. तिथेही बायका आडव्या आहेत.

डेट्रॉइटच, पण हेन्री फोर्ड हॉस्पिटल. पन्नास बायका. सगळ्या स्तनाच्या कॅन्सरमधून आलेल्या, सगळ्यांना वाफा. काही व्हेनलाफॅक्सिनची गोळी घेताहेत, काही सुया लावून पडल्या आहेत. आधी आठवड्यातून दोनदा, मग एकदा, असे बारा आठवडे. वाफा दोन्हीकडे सारख्याच उतरतात. मग दोन्ही उपचार थांबतात. गोळीवाल्यांच्या वाफा दोनेक आठवड्यांत पुन्हा वाढू लागतात. सुयावाल्यांच्या त्यानंतरही बरेच आठवडे कमी राहतात. एलिनॉर वॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे २०१० साली छापलं.

त्यांच्यातली एक बाई पाहा. घोट्याच्या वर चार बोटं. छत पाहत पडलीय.

पुढची खोली. उत्तर इटली, १९० बायका, दहा वेळा सुया.

पुढची. १५८ बायका, अमेरिका, चीन आणि दक्षिण कोरिया अशा तीन देशांत. दहा आठवड्यांत वीस वेळा. निम्म्या जणींना लगेच सुया, बाकीच्यांनी आधी थांबायचं. २०२४ साली निकाल आला. ज्यांना आधी मिळाल्या, त्यांच्या वाफा स्पष्ट कमी झाल्या.

ती थांबलेली बाई माझ्या मनात राहते. कुठल्याशा शहरात, रोज रात्री वहीत आजच्या वाफा लिहिणारी. तिचा नंबर अजून यायचाय.

आता फिलाडेल्फिया. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ, जुन माओ यांचा अभ्यास, १२० बायका. काहींच्या सुयांना हलका विजेचा प्रवाह जोडलाय. काहींना वाफांवरचं औषध म्हणून गाबापेंटिन. काहींना औषध नसलेली गोळी. आणि काहींना खोटी सुई. तिचं टोक कातडीला टेकतं आणि दांड्यात मागे सरकतं. आत शिरत नाही. लागल्यासारखी दिसते, लागल्यासारखी वाटते.

सगळ्यात जास्त आराम पडला खऱ्या सुया आणि वीज मिळालेल्यांना. त्यांच्या खालोखाल खोट्या सुयांच्या बायका. गाबापेंटिनच्या पुढे.

या खोट्या सुईच्या बाईपाशी थांबू या.

हळू. तिचे डोळे मिटलेले आहेत.

तिच्या अंगात काहीही शिरलेलं नाही. तरी दिवा मंद केलेला आहे. कुणीतरी तिच्या अंगावर हात ठेवला, जागा मोजली, टिचकी मारली. मग दार लोटलं. अर्धा तास तिला कुणी हाक मारली नाही.

तिच्या वाफा कमी झाल्या.

न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये ७२ बायका होत्या. २००७ साली निकाल आला. तिथे खऱ्या आणि खोट्या सुयांतला फरक ठामपणे बोट ठेवण्याइतका निघाला नाही.

याचं काय करायचं?

आत्ता काहीच करू नका. हा वाद डॉक्टरांच्या नियतकालिकांत चालू आहे, चालू दे. तुमच्या पायात जी ओढ आहे, ती आत्ता आहे का, एवढं पाहा.

*

या सुयांची आपल्याकडे यायची एक वाट सोलापूरच्या माणसाच्या शेजारून येते. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टर युद्धात सापडलेल्या चीनला गेले. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस त्यांत होते, नागपूरचे चोळकर होते, बंगालचे बिजॉयकुमार बसू होते. कोटणीस १९४२ मध्ये तिकडेच वारले. व्ही. शांताराम यांच्या चित्रपटामुळे ते घरोघरी माहीत आहेत. बसू परत आले. पुढे पन्नासच्या दशकाच्या अखेरीला ते पुन्हा चीनला गेले, सुया लावायला शिकले, आणि कोलकात्यात लावू लागले. आज महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी वेगळा कायदा आहे. तेव्हा सुया लावणाऱ्याला ‘तुमची नोंदणी आहे का’ असं विचारायला लाजू नका.

हे जाता जाता.

*

आता लक्ष हळूच वर आणा. पायावरून, पोटावरून, खांद्याशी.

ज्या बाजूचं ऑपरेशन झालं, त्या बाजूच्या हाताकडे.

काखेतल्या ग्रंथी काढल्या असतील तर या हाताचे नियम तुम्हाला पाठ आहेत. बीपी दुसऱ्या हातावर. रक्त दुसऱ्या हातातून. भाजी चिरताना सांभाळून. जड पिशवी नको. प्रत्येक लॅबमध्ये, प्रत्येक नव्या माणसाला तुम्ही आपणहून सांगता, ‘हा हात नको.’

सुयासुद्धा या हाताला लावत नाहीत. हात सुजलेला असेल तर नाहीच नाही.

त्यामुळे आत्ता तो मोकळा आहे. उशीवर ठेवलेला, कोपर किंचित वाकलेलं, तळवा वर.

त्याला कुणी काही करत नाहीये.

बोटांची टोकं. आहेत का जाग्यावर? अंगठा. तळव्याचा मधला खड्डा.

मनगट. इथे एक फिकट गोल आहे. बांगड्या होत्या तिथला. घट्ट होतील म्हणून काढल्या, त्या कपाटात रुमालात बांधलेल्या आहेत.

कोपर. दंड.

दंडाच्या आतल्या बाजूला, काखेजवळ, एक पट्टा असेल, जिथे हात लावला तर दुसऱ्याच कुणाला लावल्यासारखं वाटतं. बधिर. ऑपरेशनमध्ये तिथली एक नस दुखावते किंवा तुटते, म्हणून. पुष्कळ जणींना असतो. तुम्हाला असेल तर त्याच्या कडेपाशी या. जिथे कळतं आणि जिथे कळत नाही, त्यांच्या मध्ये कुठेतरी.

तिथे थांबता येतं का, पाहा.

मग व्रण. त्याच्यावरून जायचं असेल तर जा. नसेल जायचं तर इथूनच परत फिरा. कित्येक जणी आरशासमोर कपडे बदलताना अजून तिकडे बघत नाहीत. आजच बघितलं पाहिजे असं कुणी म्हटलेलं नाही.

परत येताना दंड. कोपर. मनगट. बोटं.

आणि एकदम खाली, घोट्याशी.

ओढ आहे?

*

रात्रीचं काय?

रात्री सुया नसतात. तीन वाजलेले असतात. जाग येते, आणि पाठोपाठ वाफ. की वाफ आली म्हणून जाग आली, ते कळत नाही. गाऊन पाठीला चिकटलाय. शेजारी नवरा गळ्यापर्यंत पांघरूण घेऊन झोपलाय. पंख्यावरून रोज रात्री दोघांची हुज्जत होते. तो बिचारा कुडकुडत तुमच्यासाठी पाचवर ठेवतो, नाहीतर झोपेत उठून दोनवर करतो. दोन्ही प्रकारचे नवरे आहेत.

उठावंसं वाटलं तर उठा. पाणी प्या, तोंड धुवा, कोरडा गाऊन घाला. पाहत पडून राहणं हा काही नेम नव्हे.

नाही उठावंसं वाटलं तर पाय जवळ घ्या.

अंधारात घोटा शोधा. करंगळी. चार बोटं. मऊ जागा.

अंगठ्याने हळू दाबा.

सोडा.

दाबा.

सोडा.

याने वाफ थांबेल असं मी म्हणत नाही. ती आपल्या वेळाने जाईल. तोवर तिच्याशेजारी आणखी एक गोष्ट असेल. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या एका अभ्यासात कॅन्सर झालेल्या बायका गटाने बसून वाफांकडे पाहण्याची रीत बदलायला शिकल्या. वाफांची संख्या जवळपास तेवढीच राहिली. त्यांचा जाच मात्र कमी झाला. तिथे सुई नव्हती, गोळीही नव्हती.

दाबा.

सोडा.

‘आता झोप लागणार नाही’ हा विचार येईल. तो वाफेच्या मागोमाग येतोच. त्यालाही येऊ दे. उद्याचा डबा येईल. पुढच्या महिन्यातली सोनोग्राफी येईल. ‘ही उष्णता म्हणजे परत काही...’ हा अर्धाच विचार येईल. वाफ ही कॅन्सर परत आल्याची खूण नव्हे, हे दिवसा तुम्हाला ठाऊक असतं. रात्री तीन वाजता ते पुन्हा एकदा सांगावं लागतं. सांगा.

मग बोटाखालचा पाय.

गार.

कोमट.

*

दार उघडतं. दिवा मोठा होतो.

‘कसं वाटतंय?’

मॅडम सुया काढतात आणि मोजतात. लावल्या तेवढ्या निघाल्या पाहिजेत. काढताना बहुतेक कळतही नाही. कापसाचा बोळा, जरासा दाब. कधी रक्ताचा एक ठिपका, कधी दोन दिवस राहणारा निळा डाग.

लगेच उठू नका. ऑपरेशन नसलेल्या कुशीवर वळा. हाताचा आधार घ्या. पाय खाली सोडा. चक्कर नाही ना, पाहा. मग चपला.

वहीत लिहायचं असेल तर आता लिहा. आज किती वाफा आल्या, आणि प्रत्येक किती कडक होती, एक ते चार. अभ्यासांतल्या बायकाही जवळपास असंच लिहीत होत्या. एका दिवसाने काही कळत नाही. महिन्याभराने पानं उलटली की कळू लागतं.

तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना सुयांबद्दल सांगितलंय ना? नसेल तर या आठवड्यात सांगा. केमो चालू असेल आणि पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट खाली असतील, तर त्यांना विचारल्याशिवाय सुई लावून घेऊ नका.

आणि रात्रीची गोळी, टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोलसारखी. पाच वर्षं म्हणजे फार लांब वाटतात, काहींना तर दहा सांगतात. वाफा सोसेनाशा झाल्या की कित्येक जणी ती गुपचूप सोडतात, घरीही बोलत नाहीत, ओपीडीत ‘हो, चालू आहे’ म्हणतात. तुमच्याही मनात येऊन गेलं असेल. सोडायच्या आधी डॉक्टरांशी बोला. गोळी बदलता येते, वाफांवर वेगळं औषध देता येतं. सुयाही त्यासाठीच आहेत, गोळी चालू ठेवणं जमावं म्हणून.

पैसे देताना मॅडम डायरी उघडतात. शुक्रवारी चारला जमेल का? चारला ऊन असतं, रिक्षातच वाफ येते, तुम्ही म्हणता. मग साडेपाचला या, त्या म्हणतात, पण काहीतरी खाऊन या, आज रिकाम्या पोटी आला होतात.